शुद्ध उच्चार आणि उचित बोलणे : ‘पिग्मॅलिअन’, ‘ती फुलराणी’ व संभाषणशैलीचा प्रश्न

१

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलिअन’ हे नाटक १९१३ साली व्हिएन्ना येथे जर्मन भाषांतराच्या रूपाने प्रथम रंगभूमीवर आले व १९१४ साली लंडनमध्ये त्याचा मूळ इंग्रजी प्रयोग झाला. त्यावरून १९५६ साली ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका तयार झाली. आणि १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ या नावाने त्याला मराठी रूप दिले. भक्ती बर्वे यांची मंजुळा व सतीश दुभाषी यांचे प्राध्यापक अशोक जहागीरदार यांमुळे हे रूपांतर मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात कायमचे राहिले आहे.

या सर्व कृतींकडे पाहण्याची एक दृष्टी आता रूढ झाली आहे. रस्त्यावर फुले विकणारी एक अशिक्षित मुलगी, तिच्या उच्चारांवर काही महिने परिश्रम घेणारा एक भाषापंडित, आणि उच्चार पालटताच तिला वरच्या थरातील स्त्री म्हणून स्वीकारणारा भोळा समाज, अशा तीन सूत्रांत हे कथानक सांगितले जाते. भाषा सुधारली की माणूस सुधारतो, किंवा निदान तसा दिसू लागतो, हे त्याचे तात्पर्य मानले जाते. या अर्थाला शॉ यांचाही आधार आहे. नाटकाच्या प्रस्तावनेत त्यांनी ध्वनिशास्त्राचा हिरीरीने पुरस्कार केला असून हेन्री स्वीट या ध्वनिशास्त्रज्ञाची आठवण काढली आहे. आणि इंग्रज माणसाने तोंड उघडले की दुसऱ्या कोणा इंग्रजाच्या मनात त्याच्याविषयी तिरस्कार उत्पन्न होतो, अशा आशयाची तक्रारही तेथेच केली आहे.

हा अर्थ असत्य नव्हे. परंतु तो अपुरा आहे. प्रत्येक माणसाजवळ एकच एक बोली असते, ती उच्च तरी असते किंवा नीच तरी, आणि अंगावरचा सदरा बदलावा तशी ती काढून दुसरी घालता येते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. गेल्या साठ वर्षांतील समाजभाषाविज्ञानाने हे गृहीतकच मोडीत काढले आहे. कोणताही भाषक सर्व प्रसंगी एकाच रीतीने बोलत नाही. घरात, बाजारात, कचेरीत, देवळात, अनोळखी माणसाशी आणि जिवलगाशी बोलताना त्याचे उच्चार, शब्द, क्रियापदाची रूपे, इतकेच काय पण बोलण्याचे विषयही पालटतात. ज्याला आपण एखाद्याची ‘भाषा’ म्हणतो ती वस्तुतः अशा अनेक ढबींचा संच असते. या दृष्टीने नाटक पुन्हा वाचले असता एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. शॉ यांची प्रस्तावना उच्चाराविषयी बोलते. त्यांचे नाटक मात्र बोलणारा आणि ऐकणारा यांच्या संबंधाविषयी बोलते. आणि या दुसऱ्या विषयात फुलवाली आरंभापासूनच तरबेज आहे, तर अनाडी कोणी असेल तर तो तिचा शिक्षक होय.

२

पहिला अंक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पावसाने गाठलेले लोक कॉव्हेंट गार्डनजवळील चर्चच्या दारात आडोशाला उभे आहेत. गाडी शोधण्याच्या घाईत असलेला एक तरुण फुलवाल्या एलायझाला धडकतो आणि तिची फुले चिखलात पडतात. ती त्याला ‘फ्रेडी’ या नावाने हाक मारते. योगायोगाने त्याचे नाव खरोखरच फ्रेडी असते. त्यामुळे त्याच्या आईच्या मनात संशय येतो आणि हिला आपल्या मुलाचे नाव कसे ठाऊक, असे ती विचारते. त्यावर एलायझा जे स्पष्टीकरण देते ते समाजभाषाविज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभून दिसेल. अनोळखी माणसाशी गोडीने बोलायचे तर त्याला फ्रेडी म्हणावे किंवा चार्ली म्हणावे, ही तिच्या जगातील रीत आहे. त्याच प्रसंगी ती त्या आईला बाईसाहेबांना शोभेलसे संबोधन वापरते, आणि थोड्या वेळाने आलेल्या कर्नल पिकरिंगला, त्याचा हुद्दा ठाऊक नसताना, ‘कॅप्टन’ म्हणून फुले घेण्याची गळ घालते. पाच-दहा मिनिटांत तीन श्रोते आणि तीन ढबी! मराठी मुलखातील बाजारात ‘ताई’, ‘दादा’, ‘मावशी’, ‘साहेब’, ‘शेठ’ या संबोधनांची जी चतुर वाटणी चाललेली असते, तिच्याशी परिचित असणाऱ्या वाचकाला यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाइकाचे वय, पेहराव आणि खिसा यांचा अंदाज एका दृष्टिक्षेपात घेऊन तदनुरूप नाते जोडणे हे विक्रेत्याच्या धंद्याचेच एक अंग आहे.

हे कौशल्य केवळ गंमतीचे नाही. कोणी एक जण आपले बोलणे टिपून घेत आहे हे कळताच एलायझा भयभीत होते. तो पोलिसांचा माणूस असावा आणि सभ्य गृहस्थाशी बोलल्याबद्दल आपल्यावर बदचालीचा आळ येईल, ही तिची भीती आहे. मधल्या वर्गातील माणसाला प्रसंगानुरूप न बोलण्याची शिक्षा म्हणजे फार तर चारचौघांत लाज. रस्त्यावरच्या मुलीला मात्र एका संबोधनापायी आपली अब्रू आणि उपजीविका गमवावी लागू शकते. ज्याच्या हाती सत्ता कमी, त्याला श्रोत्याचा अंदाज अधिक काळजीपूर्वक घ्यावा लागतो, हे सत्य शॉ यांनी येथे किती सहजपणे नोंदवले आहे!

याच अंकातील आणखी एक गोष्ट अभ्यासकाच्या उपयोगाची आहे. एलायझाची लंडनी बोली शॉ यांनी आरंभी अक्षरशः लिहिण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु दोन-तीन वाक्यांनंतर रंगसूचनेत क्षमायाचना करून ते हा प्रयत्न सोडून देतात, कारण ध्वनिलिपीवाचून लिहिलेली ती बोली लंडनबाहेर कोणाला कळणार नाही. नाटककाराला हे सोडून देणे परवडले, कारण बोलीचा प्रत्येक ध्वनी टिपण्यावर नाटकाचा परिणाम अवलंबून नव्हता. तो अवलंबून होता कोण कोणाशी कसे बोलतो यावर, आणि ते साध्या लिपीतही लिहिता येते.

३

आता हिगिन्सकडे पाहावे. माणसाच्या दोन शब्दांवरून त्याचा मोहल्ला सांगणारा हा पंडित स्वतः मात्र सर्वत्र एकाच रीतीने बोलतो. त्याची घरकारभारीण श्रीमती पिअर्स त्याला बजावते की या मुलीसमोर तरी जिभेला आवर घाला. बूट, लोणी आणि पाव यांच्या संदर्भात त्याने त्या सकाळी उच्चारलेल्या शिवीचा ती हिशेबच त्याच्यापुढे मांडते. त्याची आईही त्याच्या भाषेविषयी हेच सांगते. कालव्यातील मालवाहू होडीवर जी भाषा शोभेल ती बागेतील मेजवानीत शोभणार नाही, असे तिचे म्हणणे आहे. या एका शेऱ्यात औचित्याचा संपूर्ण सिद्धांत आहे. शब्द स्वभावतः चांगला किंवा वाईट नसतो. तो स्थळाला शोभतो किंवा शोभत नाही. श्रीमती हिगिन्स यांना ध्वनिशास्त्राचा गंध नाही, पण मुलाला न कळलेली गोष्ट त्यांना कळलेली आहे.

पाचव्या अंकात हिगिन्स आपल्या या वागण्याचे तत्त्वज्ञान मांडतो. सरदारीण असो की फुलवाली, आपण सर्वांशी सारखेच वागतो. स्वर्गात तिसऱ्या वर्गाचे डबे नसतात, तसे आपले वागणे आहे, असा त्याचा दावा आहे. हे भाषण समतेचे म्हणून अनेकांना आवडते. परंतु ते तपासून पाहिले पाहिजे. सर्वांशी सारखेच उद्धटपणे बोलण्याची मुभा कोणाला असते? जो कोणावर अवलंबून नाही त्याला. हिगिन्सजवळ पैसा आहे, घर आहे, विद्येची प्रतिष्ठा आहे. श्रोता रागावला तरी त्याचे काही बिघडत नाही. एलायझाने हाच समभाव पहिल्या अंकात दाखवला असता तर तिची रात्र चौकीत गेली असती. तेव्हा हिगिन्सची एकरूप भाषा हे त्याच्या समदृष्टीचे लक्षण नसून त्याच्या निर्वेध स्थानाचे लक्षण आहे. श्रोत्यानुसार बोलणे बदलणे हा लाचारीचा प्रकार आहे, असे मानणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विचारात घ्यावी.

४

तिसऱ्या अंकातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. शिक्षण अर्धवट झाले असता हिगिन्स एलायझाला आपल्या आईच्या घरी पाहुण्यांच्या भेटीच्या दिवशी आणतो. हवापाणी आणि प्रकृती या दोनच विषयांवर बोलायचे, अशी तिला ताकीद दिलेली असते. हवेविषयी ती वेधशाळेच्या अहवालासारखे बोलते. प्रकृतीचा विषय निघताच मात्र इन्फ्लुएन्झाने वारलेल्या मावशीची हकीकत सांगू लागते, आणि ती मेली नसून तिला कोणी तरी संपवले असावे, असा संशय आपल्या जुन्या वस्तीच्या शब्दांत व्यक्त करते. उच्चार निर्दोष, पण व्याकरण, शब्द आणि विषय रस्त्यावरचे.

या ठिकाणी विल्यम लबोव्ह यांच्या न्यू यॉर्कमधील संशोधनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी असे प्रतिपादन केले की, स्वतःच्या बोलण्याकडे वक्त्याचे लक्ष जितके अधिक, तितकी त्याची भाषा प्रमाणरूपाकडे झुकते. १९६२ साली तीन वेगवेगळ्या दर्जांच्या मोठ्या दुकानांत जाऊन त्यांनी विक्रेत्यांना असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर ‘चौथा मजला’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी यावे. नंतर ऐकू न आल्यासारखे दाखवून ते उत्तर पुन्हा वदवून घेतले. दुसऱ्या वेळी, म्हणजे जपून उच्चारताना, प्रतिष्ठित ‘र’काराचे प्रमाण वाढलेले आढळले. याउलट माणसाचे सहज बोलणे ऐकायचे असेल तेव्हा लबोव्ह त्याला, आपण आता मरणार असे कधी वाटले होते काय, असा प्रश्न विचारीत. मृत्यूची हकीकत सांगू लागला की माणूस आपल्या भाषेवरचा पहारा विसरतो. एलायझाच्या तोंडी नेमकी मावशीच्या मृत्यूचीच हकीकत घालणाऱ्या शॉ यांना हे मर्म अर्धशतक आधीच उमगले होते.

तथापि येथे एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. पहारा सुटला तर तो सर्वच अंगांवरून सुटावयास हवा. शब्द आणि व्याकरण घसरले पण उच्चार मात्र जागच्या जागी राहिले, असे प्रत्यक्ष व्यवहारात सहसा घडत नाही. शॉ यांनी विनोदासाठी ही कृत्रिम विभागणी केली आहे, आणि त्या विनोदातूनच नाटकाचे खरे म्हणणे स्पष्ट होते: उच्चार ही संभाषणशैलीची केवळ वरची साल आहे. पुढे पाचव्या अंकात हिगिन्सशी वाद घालताना एलायझा भूतकाळाचे एक रूप जुन्या बोलीतले वापरते आणि तत्क्षणी स्वतःच ते दुरुस्त करते. तेथे मात्र लक्ष व भाषा यांचा संबंध अगदी यथार्थ दाखवलेला आहे.

लक्षाचा सिद्धांत एवढ्याने पुरत नाही, हेही याच प्रसंगातून दिसते. मावशीच्या हकीकतीने पाहुणे गोंधळतात, तेव्हा ही संभाषणाची नवी तऱ्हा आहे, असे हिगिन्स ठोकून देतो. लगेच फ्रेडी मोहित होतो, त्याची बहीण ती तऱ्हा उचलते आणि जाताना एलायझाने उच्चारलेली शिवी स्वतःही वापरून पाहते. फुलवालीच्या तोंडी जो गावंढळपणा ठरला असता तो उच्चवर्गीय समजल्या गेलेल्या तरुणीच्या तोंडी नवी रूढी ठरतो. म्हणजे शैलीचे मूल्य ध्वनीत नसून ऐकणाराने बोलणाराला कोणते स्थान दिले आहे यात असते. अॅलन बेल यांनी १९८४ साली मांडलेला श्रोत्याच्या अनुरोधाने शैली घडते हा सिद्धांत येथे अधिक उपयोगी पडतो. न्यूझीलंडमधील काही वृत्तनिवेदक एकाच इमारतीतून दोन आकाशवाणी केंद्रांवर बातम्या देत. माणूस तोच, काम तेच, परंतु श्रोतृवर्ग निराळा. केंद्र बदलताच त्यांचे काही उच्चारही बदलत असल्याचे बेल यांना आढळले. तेथे लक्ष कमीअधिक होण्याचा प्रश्नच नव्हता. बदलला होता तो केवळ श्रोता.

५

नाटकाचे हृदय मात्र पाचव्या अंकातील एका कबुलीत आहे. एलायझा पिकरिंगला सांगते की आपले खरे शिक्षण हिगिन्सच्या प्रयोगशाळेत झाले नाही. पहिल्या दिवशी पिकरिंगने तिला आदरपूर्वक ‘मिस डूलिटल’ म्हटले, तेथून तिच्या मनात स्वतःविषयीचा आदर उत्पन्न झाला. फुलवाली आणि प्रतिष्ठित स्त्री यांतील भेद त्यांच्या वागण्यात नसून त्यांना वागवण्यात आहे, हा तिचा निष्कर्ष आहे. उच्चारांच्या शेकडो तासांपेक्षा एका संबोधनाचे पारडे जड ठरले.

इंग्रजीत हे दाखवण्यासाठी नाटककाराजवळ साधने थोडी होती. त्या भाषेच्या प्रमाणरूपातून एकवचनी मध्यमपुरुषाचे जुने सर्वनाम लोपून शतके लोटली आहेत. उरले ते केवळ नावामागचे उपपद. मराठीत हीच गोष्ट वाक्यावाक्याला दाखवता येते, किंबहुना दाखवावीच लागते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून एकाची निवड केल्यावाचून मराठी माणूस दुसऱ्याला साधे ‘बसा’ही म्हणू शकत नाही. ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’ ही हाकच नाते ठरवून टाकते. निवड टाळायची असेल तर मोठी युक्ती करावी लागते. ‘कुठे जायचं?’, ‘जेवण झालं का?’, ‘कसं काय?’ अशा कर्ता गाळलेल्या रचना एसटीच्या वाहकापासून नव्या जावयापर्यंत सर्वांच्या कामी येतात त्या यामुळेच.

रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांच्या निवडीमागे सत्ता आणि सख्य अशी दोन तत्त्वे असल्याचे दाखवले. मराठीला ही चौकट लागू पडते; मात्र तिला मुरड घालावी लागते. मराठी माणूस आईला ‘तू’ म्हणतो आणि विठ्ठलालाही ‘तू’ म्हणतो. नोकरालाही पूर्वी ‘तू’ म्हणे, आणि मित्रालाही म्हणतो. सर्वोच्च आणि सर्वांत खालचा, दोघांनाही एकच सर्वनाम! वडिलांना मात्र अनेक घरांत ‘तुम्ही’ म्हणत. आता पुष्कळ घरांत ‘तू’ म्हणतात, आणि त्यातून आदर घटला असे कोणी म्हणत नाही. ‘आपण’ या शब्दाचे वर्तन तर याहून चमत्कारिक आहे. बोलणारा व ऐकणारा मिळून ‘आपण’, स्वतःचा निर्देश करणारे ‘आपण’, सभेतील अध्यक्षांना उद्देशून ‘आपण’, आणि मुंबईच्या नाक्यावरील तरुण स्वतःविषयी ऐटीने वापरतो तेही ‘आपण’. कोणता अर्थ घ्यायचा हे कोश सांगत नाही, प्रसंग सांगतो.

शिवाय मराठीतील आदर समोरच्यापुरता मर्यादित नाही. ‘बाबा आले’ पण ‘आई आली’, हा भेद गैरहजर माणसाविषयी बोलतानाही पाळावा लागतो. ज्या शिक्षकांविषयी वर्गाच्या दाराशी ‘सर आले’ असे म्हटले जाते, त्यांच्याविषयीच उपाहारगृहात ‘सर आला’ असेही ऐकू येते. हा उद्धटपणा नव्हे. बरोबरीच्या मंडळींत आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे सांगण्याची ती रीत आहे.

‘ती फुलराणी’तील मंजुळेचे सुप्रसिद्ध स्वगत या पार्श्वभूमीवर वाचावे. शॉ यांच्या नाटकात असे स्वगत नाही; त्याचे साम्य ‘माय फेअर लेडी’तील एलायझाच्या सूडाच्या गाण्याशी आहे. परंतु मराठीत त्याला जी धार आली ती भाषेच्या स्वभावामुळे आली. समोर नसलेल्या मास्तरांना मंजुळा एकवचनात झोडपते, आणि ते आपल्या स्वतःच्या बोलीत. इंग्रजी गाण्यात शब्द कठोर होऊ शकले. सर्वनाम खाली उतरवण्याचा आनंद मात्र इंग्रजीला देता येत नाही. प्रेक्षकांना जे सुख होते ते केवळ विनोदाचे नाही. दिवसभर श्रोत्याच्या अनुरोधाने बोलणाऱ्या माणसाला श्रोता नसलेला एक क्षण मिळाला आहे, आणि त्या क्षणी त्याने बोलण्याची सत्ता आपल्या हाती घेतली आहे, हे ते सुख आहे. रूपांतराने मूळ कृतीत जी भर घातली तिचे सर्वोत्तम उदाहरण म्हणून या स्वगताकडे बोट दाखवता येईल.

६

रूपांतराने उभा केलेला एक प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. लंडनच्या बोलीने वर्ग आणि वस्ती सूचित होते. मराठीत बोलीने प्रदेश, जात आणि शिक्षण या तिहींची सूचना एकाच वेळी मिळते, आणि ती नेहमी वरून खाली अशा एकाच शिडीवर बसत नाही. पुण्याच्या सुशिक्षितांच्या बोलण्यावर आधारलेल्या प्रमाणभाषेला शाळा, ग्रंथ व न्यायालय येथे मान आहे. परंतु गावच्या चावडीवर किंवा जाहीर सभेत तीच भाषा वक्त्याला श्रोत्यांपासून तोडते. विधिमंडळात एका रीतीने आणि आपल्या मतदारसंघात दुसऱ्या रीतीने बोलणारा पुढारी मराठी माणसाच्या परिचयाचा आहे, आणि या पालटाला कोणी ढोंग म्हणत नाही. तेव्हा मंजुळेने शिकलेली भाषा ही ‘वरची’ भाषा आहे, हे नाटकाचे गृहीतक मराठीत अर्धेच खरे आहे. ती एका विशिष्ट प्रकारच्या प्रसंगांची भाषा आहे, एवढेच निर्वेधपणे म्हणता येईल.

प्रमाणलेखनाच्या नियमांनीही हा भेद मान्य केला आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. शासनाने १९६२ साली स्वीकारलेल्या मराठी लेखनविषयक नियमांत, पात्राच्या तोंडी भाषा घालताना ‘असं केलं’ अशी उच्चारानुसारी रूपे योजण्यास वाव ठेवून, अन्य प्रसंगी ‘असे केले’ अशी एकारान्त रूपे लिहावीत, असे सांगितले आहे. म्हणजे जे नियम शुद्धतेचे म्हणून शिकवले जातात, त्यांच्याच पोटात प्रसंगभेदाचे तत्त्व आहे. शिकवताना मात्र नेमका तोच भाग गळतो आणि विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ते एवढेच की त्याच्या घरची भाषा अशुद्ध आहे.

या विसंगतीचे दर्शन महाविद्यालयांत वारंवार घडते. एकपात्री अभिनयाच्या स्पर्धांत मंजुळेचे स्वगत पिढ्यान्‌पिढ्या सादर होत आले आहे. प्रमाणभाषेत वाढलेली विद्यार्थिनी चार मिनिटे बोली पांघरते आणि टाळ्या घेते. जिच्या घरची बोली मंजुळेसारखी आहे अशी विद्यार्थिनी मौखिक परीक्षेत ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते, तेव्हा परीक्षकाच्या कपाळावर आठी पडते. ध्वनी एकच; पण एकीने तो निवडला असे समजले जाते आणि दुसरीला त्यावाचून गत्यंतर नाही असे समजले जाते. श्रीमती हिगिन्स यांच्या दिवाणखान्यातील प्रकाराहून हा प्रकार निराळा नाही. श्रोत्याने बोलणाराला दिलेले स्थानच येथेही शब्दांची किंमत ठरवते आहे.

७

शेवटी एलायझाच्या दुःखाचा विचार केला पाहिजे. परक्या देशात नेलेले मूल स्वतःची भाषा विसरते तशी आपली अवस्था झाली आहे, असे ती म्हणते. जुना एकही ध्वनी आता आपल्या तोंडून निघणार नाही, असेही सांगते. पुढच्याच क्षणी नटूनथटून आलेला बाप दिसताच तिच्या तोंडून तोच जुना चीत्कार निघतो आणि हिगिन्सला आपण जिंकलो असे वाटते. टीकाकारांनी या क्षणाचा अर्थ बहुधा मूळ स्वभाव उसळून वर आला असा लावला आहे. त्याचा निराळा अर्थ संभवतो. जुनी बोली नष्ट झालेली नाही. ती ज्या श्रोत्याची होती तो समोर येताच ती जागी झाली. यान-पेत्तर ब्लोम व जॉन गंपर्झ यांनी नॉर्वेतील हेम्नेसबर्गेट या गावाविषयी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असेच दृश्य आहे. तेथील कचेरीत नागरिक आणि कारकून घरची विचारपूस गावच्या बोलीत करतात, आणि कामाचे बोलणे निघताच प्रमाणभाषेकडे वळतात. त्यांच्याजवळ दोन्ही आहेत, आणि दोन्ही त्यांच्याच आहेत.

मग एलायझाने नेमके काय गमावले? तिने बोली गमावली नाही. बोली बोलण्याची जागा गमावली. टॉटनहॅम कोर्ट रोडच्या कोपऱ्यावर तिला आता परतता येत नाही आणि हिगिन्सच्या घरात तिला स्थान नाही. शिक्षकाने तिला एक नवी ढब दिली, परंतु ती वापरण्यासाठी लागणारे नाते दिले नाही. या स्थितीतून ती जो मार्ग काढते तो मात्र कोणी शिकवलेला नाही. पाचव्या अंकात ती हिगिन्सला अत्यंत शांतपणे, औपचारिक शब्दांत, परक्या पाहुण्यासारखी अभिवादन करते. दिलेल्या पाठातील वाक्येच ती वापरते. पण आता ती सभ्यतेसाठी नव्हे, अंतर राखण्यासाठी. हिगिन्स चिडतो, कारण आपण शिकवलेले शस्त्र आपल्यावरच रोखले गेले हे त्याला कळते. शैली येथे श्रोत्याला शरण जात नाही. ती श्रोत्याला त्याची जागा दाखवते. श्रोत्याच्या अनुरोधाने शैली घडते हे खरे, परंतु शैलीच्या बळावर श्रोत्याशी असलेले नातेही नव्याने घडवता येते, हा बेल यांच्या सिद्धांताला जोडावयाचा उत्तरार्ध होय.

‘पिग्मॅलिअन’ व ‘ती फुलराणी’ यांची फलश्रुती उच्चारसुधारणेत शोधणे म्हणजे हिगिन्सच्या डोळ्यांनी नाटक पाहणे होय. पिकरिंगच्या डोळ्यांनी पाहिले तर भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाला त्यात एक आव्हान दिसेल. विद्यार्थ्याला प्रमाणभाषा अवश्य दिली पाहिजे, कारण तिच्यावाचून अनेक दारे त्याला बंद राहतात. परंतु ती त्याच्या ढबींच्या संचात भर म्हणून दिली पाहिजे, त्याच्या घरच्या बोलीच्या जागी नव्हे. आणि ती देण्यापूर्वी त्याला आपण कोणत्या संबोधनाने हाक मारतो, याकडे शिक्षकाने पाहिले पाहिजे. एलायझाचे शिक्षण ज्या शब्दाने सुरू झाले तो तिने उच्चारलेला नव्हता. तिला उद्देशून उच्चारला गेला होता.